बत्तीसचा वारा

लेकीला घरी बसवणाऱ्या त्या पत्रातलं एक वाक्य मला पाठ झालंय. "घटनेच्या वेळी वाऱ्याचा वेग ताशी बत्तीस किलोमीटर इतकाच असल्याने पूल असामान्यरीत्या हलण्याचे कोणतेही कारण नव्हते." कारण नव्हते म्हणे! जणू पुलानं आधी अर्ज करायचा, सोबत कारण जोडायचं, साहेबांची सही झाली की मग हलायचं.

पूल हलला. दोन मनोऱ्यांमध्ये सहाशे मीटर टांगलेला रस्ता हातभर वर आणि हातभर खाली होत होता. माझ्या लेकीनं ते पाहिलं आणि वाहतूक थांबवली. त्याबद्दल तिला घरी बसवलं. आता भाजीवालीसुद्धा मला विचारते, "घाबरून पूल बंद केला ती तुमचीच ना?" घाबरून! आमच्या घरात घाबरण्याचं खातं माझ्याकडे आहे आणि मी ते इतकं मन लावून सांभाळते की दुसऱ्या कुणाला त्यात वाव नाही. म्हणून ही मुलगी कोण, कशी, हे नीट लिहून ठेवायला बसले आहे. घरचे सगळे झोपलेत, त्यामुळे मध्ये कुणी "जाऊ दे गं" म्हणणार नाही.

तिचे वडील शिंपी. बाहेरच्या खोलीत त्यांचं पायमशीन आणि कापायचं लांब टेबल. मी कॉलेज शिकलेली, लग्नाआधी ग्रंथालयात होते. तेव्हापासून दुकानाची मापाची वही माझ्याच अक्षरात असते, कारण ह्यांनी लिहिलेलं दुसऱ्या दिवशी ह्यांनाच लागत नाही. लेक त्या टेबलाखाली वाढली. बाकीच्या मुलांच्या गळ्यात पाण्याची बाटली, हिच्या गळ्यात टेप. मांजराचं शेपूट मोजायची, माझी वेणी मोजायची, शाळेत बाईंना जाऊन सांगायची की मागचा बाक डावीकडे दोन बोटं बुटका आहे. वडिलांनी नाव ठेवलं, मोजपट्टी. ते नाव तिला असं चिकटलं की पाळण्यातलं नाव आता फक्त पगाराच्या कागदावर उरलंय.

"मोजपट्टी, जेवायला ये गं!"

"आई, सात हाका मारल्यास."

"मग आली का नाहीस?"

"पहिलीच ऐकली होती. तू कितीपर्यंत जातेस ते बघत होते."

अशी कार्टी. बांधकामाचा डिप्लोमा केला आणि पुलाच्या ऑफिसात तपासनीस म्हणून लागली. असे पाच जण आहेत. काम काय, तर रोज पूल या टोकापासून त्या टोकापर्यंत पायी चालायचा. जाडजूड मुख्य केबलवरून खाली रस्त्यापर्यंत मनगटाएवढे पोलादी दोर उतरतात आणि रस्ता त्यांच्यावर टांगलेला असतो. प्रत्येक दोरावर ती तळहात ठेवते, दुसऱ्या हातातल्या घड्याळाकडे बघते आणि थरथर मोजते. ऑफिसात त्यासाठी यंत्रं आहेत. पण यंत्रं चाळीस आणि दोर दीडशेच्या वर, म्हणून उरलेल्यांची विचारपूस हातानं. कुठला दोर कालच्यापेक्षा वेगळा थरथरतोय हे तिला तळहाताला कळतं. आणि सगळ्या पुलाचा मिळून एक ठेका आहे म्हणते, मिनिटाला सोळा. एखादा जड ट्रक गेला की पूल तेवढ्या सावकाश वरखाली होऊन परत शांत होतो.

"हलतो?" माझा घास हातातच राहिला होता.

"हललाच पाहिजे, आई. एवढा लांब पूल ताठ राहायला गेला तर मोडेल."

"मग तू जमिनीवरची एखादी नोकरी बघ."

वारा सुटला की मी गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघते आणि तिला फोन लावते. ती वैतागते. एकदा मला समोर बसवून सांगितलं, "आई, वादळाची भीती धरू नकोस. त्याला मीटर आहे. साठच्या वर वारा गेला की जड गाड्या बंद, नव्वदच्या वर सगळंच बंद. गेल्या वर्षी पंच्याऐंशीचा वारा झाला, पूल फक्त कुरकुरला. कठडा बघितलास ना, नुसत्या सळ्या आहेत. वारा त्यातून आरपार जातो. म्हणून पूल शहाणा आहे." मी मान डोलावली. तेव्हा माझं अर्धं लक्ष गच्चीवर होतं. आता वाटतं, त्या दिवशी ते वाक्य मापाच्या वहीत लिहून ठेवायला हवं होतं.

पुलाला पंचवीस वर्षं होणार म्हणून कठडा रंगवायचं ठरलं. रंगाचे थेंब खालून जाणाऱ्या बोटींवर पडायला लागले, बोटवाल्यांनी आरडाओरडा केला. मग ठेकेदारानं ठरवलं की कठड्याला ताडपत्री बांधायची. त्याचा मुकादम आमच्याकडे आला. चार मीटर लांब, सव्वा मीटर उंच, अशा तीनशे ताडपत्र्या शिवून हव्या होत्या, कडेनं पितळी रिंगा ठोकून. एवढं मोठं काम आमच्या खोलीत कधी आलं नव्हतं. लेकीनं त्याला पहिलाच प्रश्न विचारला, "एका वेळी किती बांधणार?"

"परवानगी दोनशे मीटरची आहे, ताई. एका बाजूला. तेवढं रंगवायचं, सोडायचं, पुढे न्यायचं."

"मग ठीक." आणि दुसऱ्या दिवशी ती दहा दिवसांच्या प्रशिक्षणाला बाहेरगावी गेली.

आता ह्यांच्या एका खोडीबद्दल सांगायला हवं. कपडा शिवून दिला की ह्यांचं काम संपत नाही. गिऱ्हाइकानं घालून दाखवायचा, किंवा घरी घालून बघून कळवायचं. मग मी वहीत त्या मापापुढे तारीख घालून लिहिते, "बसले". ते लिहिल्याशिवाय पान उलटायचं नाही. ताडपत्रीलाही तोच कायदा! दिव्याच्या प्रत्येक खांबापाशी खाच हवी म्हणून हे स्वतः पुलावर जाऊन खांबन् खांब मोजून आले.

मुकादम हसत होता. "मास्तर, पुलाची कसली ट्रायल घेता? तो काय आरशापुढे उभा राहणारे?"

"माझ्या हातचं बसलं की नाही ते मला कळलं पाहिजे. रोज संध्याकाळी फोन करायचा. नाहीतर पुढचा गठ्ठा मिळणार नाही."

बिचारा रोज फोन करायचा. डावी बाजू, खांब एक ते सहा, झालं वहिनी. मी लिहायची, बसले. रिंगा मी ठोकल्या, माझ्या हाताला घट्टे पडले. शेवटच्या दिवशी तो एकच ताडपत्री घेऊन आला, उजवीकडच्या सतराव्या खांबाची. खाच घट्ट होत होती.

"बाकी सगळं?" ह्यांनी विचारलं.

"बाकी दोन्ही बाजू सलग. नुसता हा एक दात पडल्यासारखा दिसतोय."

"अरे, पण दोनशे-दोनशे मीटर करणार होतात ना?"

"तसं करत बसलो तर महिना जाईल, मास्तर. एकदाच बांधून टाकलं. सुपरवायझर साहेब म्हणाले, चालतंय."

ह्यांनी दहा मिनिटांत खाच सैल करून दिली. मी त्याला चहा दिला. आणि वहीत लिहिलं: "खांब १७ उजवा, खाच सैल केली. बाकी सर्व बसले, दोन्ही बाजू सलग." हे लिहिताना माझ्या मनात काही, म्हणजे काहीही आलं नाही. दिवसभर वाऱ्याला भिणारी बाई मी!

त्याच रात्री लेक परतली. दुसऱ्या दिवशी दुपारची पाळी होती. पुलावर पाऊल टाकलं आणि बघते तर कठड्याच्या सळ्या गायब, दोन्हीकडे निळ्या भिंती. तिनं सुपरवायझरला गाठलं. तो म्हणाला, "दोन दिवसांचा प्रश्न आहे, उगाच खुसपट काढू नकोस." ती आपलं रजिस्टर घेऊन चालायला लागली. नदीवरून वारा येत होता, सरळ पुलावर आडवा, एकसारखा. जोर असा काही नव्हता, डोक्यावरची टोपीसुद्धा उडाली नाही.

मधोमध आली तेव्हा दोरावर ठेवलेला हात तिनं काढून घेतला, कारण मोजायची गरजच राहिली नव्हती. समोरून येणारी पांढरी मोटार रस्त्यात बुडाली. आधी चाकं दिसेनाशी झाली, मग दारं, मग नुसतं छप्पर, आणि परत अख्खी मोटार वर आली. दिव्याच्या खांबांची रांग वेडीवाकडी होत होती. तिनं घड्याळ बघितलं. मिनिटाला सोळा. आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा थोडं जास्त.

कंट्रोल रूमला वॉकीटॉकीवर सांगितलं, बंद करा.

तिकडून उत्तर आलं, "मीटर बत्तीस दाखवतोय. कशावर बंद करू? नियम साठचा आहे."

"मीटर सोड. खिडकीतून बघ."

"खिडकी गावाकडे आहे, ताई."

पुलाच्या मध्यावर एक पेटी आहे. तिची किल्ली तपासनिसांकडे असते, अपघात झाला तर दोन्ही टोकांचे लाल दिवे लावायला. अपघात झालेला नव्हता. तिनं पेटी उघडली, दिवे लावले. मग पुलावर जे अडकले होते त्यांना एकेक करून बाहेर काढलं, सावकाश, अंतर ठेवून. एक ट्रकवाला काच खाली करून ओरडला, "बाई, पाळणा सुरू केलाय होय?" तेवढ्यात पुढची गाडी त्याच्या डोळ्यांदेखत खाली गेली आणि वर आली. त्यानं काच वर घेतली ती टोकापर्यंत खाली केली नाही.

पंचवीस मिनिटांत पूल रिकामा झाला, तरी तो हलतच राहिला. वरती एक चाक नाही आणि पूल आपला वरखाली, वरखाली. तीन तासांनी वाऱ्यानं दिशा बदलली तेव्हा थांबला. शहर तीन तास तुंबलं, माणसांनी शिव्या घातल्या. आणि सकाळी बघावं तर कठड्याला एकही ताडपत्री नव्हती. रातोरात सोडून नेल्या होत्या.

आठवड्यानं सुपरवायझर घरी आला. आमची लेक ह्याला रबरी शिक्का म्हणते, कारण वरून दाबलं की उमटतो. हातात टाइप केलेला कागद.

"वहिनी, तुम्ही तरी समजवा. दोन ओळी आहेत. 'वाऱ्याचा वेग वाचण्यात माझी चूक झाली, पुढे असे होणार नाही.' सही केली की सोमवारपासून कामावर. नाही केली तर चौकशी, आणि चौकशीत काय, नोकरीही जाईल."

लेक टेबलाला टेकून उभी होती. "पण मी वेग वाचलाच नाही. मीटर कंट्रोल रूममध्ये होता. मी पूल बघत होते."

"अगं, कागदावर म्हणायचं."

"आणि ताडपत्र्यांचं काय म्हणायचं?"

"त्या दोनशे मीटरच होत्या. परवानगी तेवढीच होती, म्हणजे तेवढ्याच होत्या."

किती सरळ! परवानगी नव्हती, म्हणून घडलं नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आणि तरीही, लाज वाटते सांगायला, तो गेल्यावर मी काय म्हणाले? म्हणाले, "कर ना सही. दोन ओळींनी कुणाचं काय जातंय?"

तिनं माझ्याकडे नुसतं बघितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"आई, पुढच्या वेळी त्या कठड्याला कुणीतरी जाहिरातीचे फलक लावेल. मीटर तीसच दाखवेल. आणि माझी सही दाखवून सांगतील, मागेही अशीच एक बाई उगाच घाबरली होती."

ह्यांना मात्र एक कोडं पडलं होतं. मशीनवर बसूनच त्यांनी विचारलं, "मला हे सांग, पंच्याऐंशीत गप्प बसलेला पूल बत्तीसमध्ये कसा काय नाचला?"

ती म्हणाली, "बाबा, पायडल मारा. जोरात, पण कसंही, वेळ न साधता."

ह्यांनी मारलं. चाक अडखळलं, उलटं फिरलं, दोरा तुटला.

"आता नेहमीसारखं."

अंगठ्यानं दाबावं इतक्या हलक्यानं ह्यांनी पाय हलवला आणि मशीन पळायला लागलं.

"तसंच," ती म्हणाली. "सळ्यांतून वारा निघून जायचा. ताडपत्रीनं तो अडला, पुलाला आपटून वरून-खालून फुटायला लागला, भोवरे सुटले. एक वरून, एक खालून. प्रत्येक भोवरा पुलाला एवढासा धक्का देतो. जोराच्या वाऱ्यात ते भराभर सुटतात, हळू वाऱ्यात सावकाश. बत्तीसच्या वाऱ्यात ते बरोबर मिनिटाला सोळा सुटत होते. पुलाचाच ठेका."

ह्यांचा पाय थांबला. मग ह्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "अगं, वही कुठाय?"

वही कपाटात होती, अस्तराच्या कापडांच्या तळाशी. मीच ठेवली होती, घटनेच्या दुसऱ्याच दिवशी. लेकीला त्या नोंदी माहीत नव्हत्या, ती बाहेरगावी होती. मला माहीत होत्या. मी मनात हिशेब केला होता की चौकशी निघाली तर साहेब सुटेल, ठेकेदार सुटेल आणि ताडपत्र्या शिवणारा शिंपी सापडेल. लेकीची नोकरी आणि नवऱ्याचं नाव मी तराजूत घातलं आणि वही कापडाखाली सारली. लेक आठ दिवस एकटी सगळ्यांशी भांडत होती आणि तिची साक्ष तिच्या आईनं कपाटात कोंडली होती.

मी वही काढून टेबलावर ठेवली. हे फक्त एवढंच म्हणाले, "दोघांनाही जावं लागेल. अक्षर तुझं आहे."

चौकशीची खोली लहान होती. पंखा, लांब टेबल, तीन खुर्च्या. मधल्या खुर्चीत मोठे साहेब, त्यांच्या एका बाजूला वकील, दुसरीकडे इंजिनियरिंग कॉलेजातल्या एक वयस्कर प्राध्यापक बाई. मोठ्या साहेबांनी तोच प्रश्न तीनदा विचारला. पंच्याऐंशीमध्ये न हलणारा पूल बत्तीसमध्ये कसा हलेल? तिनं तीनदा उत्तर दिलं. ते घड्याळ बघत होते.

हे उभे राहिले. "साहेब, मी सांगू? पायमशीनचं पायडल असतं ना..."

"मास्तर, ही चौकशी आहे. शिवणकाम नाही."

"कठड्याला बांधलं होतं ते शिवणकामच होतं, साहेब. माझंच."

मग ह्यांनी वही पुढे केली. मोठ्या साहेबांनी हात लावला नाही. बाईंनी ओढून घेतली, चष्मा वर केला आणि पानं उलटायला लागल्या. डावा एक ते सहा, बसले. डावा सात ते बारा, बसले. तारखा. शेवटच्या पानावर त्यांचं बोट थांबलं.

"हे अक्षर कुणाचं?"

मी उठले. "माझं."

"'दोन्ही बाजू सलग' म्हणजे?"

"म्हणजे मध्ये फट नव्हती. फक्त सतराव्या खांबाची ताडपत्री राहिली होती, ती त्याच संध्याकाळी मुकादम घेऊन गेला. परवानगी दोनशे मीटरची आहे हेही त्याला आम्ही विचारलं होतं. तो म्हणाला, सुपरवायझर साहेबांना चालतंय."

रबरी शिक्का भिंतीजवळ उभा होता. तो भिंतीकडेच बघायला लागला.

"हे तुम्ही आधी का नाही आणलंत?" वकिलानं विचारलं.

"लपवलं होतं," मी म्हणाले. "वाटलं, दोष शिंप्यावर टाकाल. अजूनही वाटतं. टाका. पण मुलीनं चुकीचं वाचलं असं लिहून घेऊ नका. तिनं आयुष्यात एक गोष्ट चुकीची मोजलेली नाही."

माझा आवाज चढला होता. साहेब म्हणाले, "बाई, शांत व्हा." मी शांत झाले नाही. म्हणाले, "तुमचा मीटर वारा मोजतो. पूल कोण मोजतं, ते सांगा मला."

प्राध्यापक बाईंनी वहीतली पानं मागून घेतली आणि प्रत्येक पानावर माझी सही घेतली. अकरा पानं, अकरा सह्या.

आज पत्र आलं. आरोप मागे घेतलाय, सोमवारी हजर व्हायचं. माफी नाही. परवानगी मोडली कुणी, त्यावर चकार शब्द नाही. "कठड्यावरील तात्पुरत्या आच्छादनामुळे झालेला तांत्रिक गैरसमज," एवढंच. गैरसमज पुलाचा झाला असावा! आणि तळाशी एक ओळ: मधल्या पेटीची किल्ली यापुढे कंट्रोल रूममध्ये जमा करावी. म्हणजे ज्याची खिडकी गावाकडे आहे, त्याच्या हातात.

रात्री ती ओळ पुन्हा वाचून लेकीनं किल्ली खिशातून काढली आणि टेबलावर ठेवली.

"देणारेस?" मी विचारलं.

"नाही. बाकीचे चौघंही देणार नाहीत. संध्याकाळी बोलणं झालंय. काढून घ्यायची असेल तर आधी लेखी द्या म्हणावं, पूल हलला तर तपासनिसानं काय करायचं."

एरवी मी काय बोलले असते ते तिला ठाऊक होतं, म्हणून ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी टेप उचलली आणि किल्ली मोजली. लांबी सव्वातीन इंच. ह्यांना म्हटलं, "हिच्या कामाच्या जाकिटाला आतून एक खिसा लावा. वर बटण."

ह्यांनी लगेच शिवला. लेकीनं जाकीट घातलं, किल्ली आत ठेवली आणि दोरावर हात ठेवताना वाकते तसं वाकून बघितलं. किल्ली बरगडीला टोचली. ह्यांनी खिसा उसवला आणि दोन बोटं खाली लावला. ती परत वाकली, आणि या वेळी हसली.

मी वही उघडून तारीख घातली, आणि पुढे लिहिलं: बसला.